गवळ्याचं कोपर

मार्लिस ट्वेटनं कणीस सोलायचं अर्धवट सोडलं आणि मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"परत सांग. तिसरं नाव परत सांग."

"राडेमाकर," ऑरिन म्हणाला.

कणीस बादलीत न पडता थेट कुत्र्याच्या पुढ्यात जाऊन आदळलं. कुत्रं उठलं आणि शहाण्यासारखं गोठ्यामागे जाऊन बसलं.

"तो गवळी?"

"डॅरिन राडेमाकर. सेंट आल्बनचा."

"अरे, नाव मला ठाऊक आहे! एकोणीस वर्षं त्याच्या नावानं बोंबलतेय मी, आणि मला नाव सांगतोस? तीन माणसं घ्यायची होती, तर साऱ्या लीगमध्ये तुला तोच मेला सापडला?"

"मला तोच हवाय," ऑरिन म्हणाला आणि खिशातले हात खिशातच ठेवून आत गेला. हल्ली तो हात खिशातच ठेवायचा. बाहेर काढले की थरथरायचे.

मिनेसोटातल्या गावोगावच्या बेसबॉल संघांचा नियमच तसा होता. जो संघ राज्य स्पर्धेला जाईल त्यानं हरलेल्या शेजाऱ्यांमधून तीन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, उसने घ्यायचे. वर्षभर ज्यांच्या नावानं खडे फोडले त्यांनाच आपला निळा शर्ट घालायचा आणि मैदानात उभं करायचं. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटे, पण ऑरिनच्या टॉर्व्हिक आणि शेजारच्या सेंट आल्बनच्या लोकांना त्यात काही वाटत नसे. आठ मैलांवर राहणारी माणसं. रविवारी एकमेकांना शिव्या द्यायची आणि सोमवारी ट्रॅक्टर उसना मागायची.

पण राडेमाकर! टॉर्व्हिकच्या पोरांनाही ते पटलं नव्हतं. महिन्यापूर्वीच तर त्याला धुतला होता. मोसमाची सुरुवात अशी होती की पहिल्या चार मॅच ओळीनं हरले, चांगल्या खेळाडूचा अंगठा मोडला, लोकांनी आशा सोडली. मग देव जाणे काय झालं, चौदा मॅच ओळीनं जिंकले. आणि शेवटी विभागाच्या फायनलला समोर सेंट आल्बन, म्हणजे राडेमाकर. त्याच्यापुढे टॉर्व्हिकनं अकरा वेळा मान टाकलेली. त्या दिवशी मात्र त्याचा चेंडू कुठल्या कुठे जात होता. सात जणांना त्यानं चार-चार चेंडू बाहेर टाकून फुकट पहिल्या बेसवर सोडलं. टॉर्व्हिक दोन-एकनं जिंकलं.

ती मॅच मार्लिसनं गळ्याभोवती मफलर गुंडाळून, मध घातलेला चहा पीत, मुकाट बघितली होती. सर्दीनं तिचा घसा पार बसला होता. जन्माची एक मॅच जिंकलो आणि मला ओरडता आलं नाही, म्हणून ती आठवडाभर हळहळत होती.

कारण ओरडणं हे मार्लिसचंच काम. सत्तावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. मागच्या बाकावरच्या पोरानं खिडकीबाहेर हात काढला तर इंजिनाच्या आवाजावरून त्याला नावानिशी बोलवेल असा तिचा आवाज. मैदानावर फलंदाज उभा राहतो त्या प्लेटच्या मागे जाळी, जाळीच्या मागे तिची हिरवी घडीची खुर्ची. पिचरच्या अगदी समोर. राडेमाकर मैदानात उतरला की ती बाह्या सरसावायची.

"आला का गवळी! गाईंचं उरकलं का रे? की त्यांनीही लाथ मारून हाकलला?"

तो खरंच चाळीस गाई पाळून होता. दूध काढून, तसाच गाडी हाकत मॅचला यायचा. कधी उलटून बोलला नाही. फार तर दोन बोटं टोपीला लावायचा. त्यानं मार्लिस आणखीच पेटायची.

"कोपर बघ कोपर! पडलं की रे! म्हातारी कोंबडी याच्यापेक्षा पंख वर उचलते! आणि तो पाय? शेणात रुतला का?"

आणि तो मेला इतका कोडगा, की पुढच्याच चेंडूला टॉर्व्हिकचं एखादं पोरगं बाद करायचा.

टॉर्व्हिकचा बाक तिसऱ्या बेसच्या बाजूला होता. पूर्वी तो पहिल्या बेसकडे होता, सावलीत. एकोणीस वर्षांपूर्वी ऑरिननं तो हलवला. का, ते कुणाला कळलं नाही. तिसऱ्या बेसकडे दुपारचं ऊन सरळ डोळ्यांत येतं, खेळाडू कुरकुर करायचे, पण ऑरिन हलला नाही. तो मुळात कमी बोलणारा. एकतीस वर्षं संघ सांभाळला, पण पोरांवर कधी आवाज चढवला नाही. आता कंपवातानं त्याचा होता तोही आवाज बारीक होत चालला होता. वसंतातच त्यानं सांगून टाकलं होतं, हे माझं शेवटचं वर्ष.

म्हणून तर मार्लिसचा जीव टांगणीला लागला होता. टॉर्व्हिकनं राज्याचा चषक कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो एकदा ऑरिनच्या हातात यावा, हात धरू शकतोय तोवर यावा, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी त्या गवळ्याला गोड बोलावं लागलं तरी चालेल, असं तिनं दोन दिवसांनी, दात खाऊन, ठरवलं.

चर्चमधल्या बायकांनीही तेच सांगितलं. पास्टरची बायको जॅनेल तर घरी आली.

"मार्लिस, आता तो आपला पाहुणा. जिभेला जरा आवर घाल."

"घालते गं बाई. मला काय रीतभात नाही का?"

आणि तिनं खरंच रीत पाळली. राज्य स्पर्धेच्या पहिल्या मॅचला ती राडेमाकरसाठी खजुराच्या वड्यांचा डबा घेऊन गेली. निळा शर्ट त्याच्या पोटावर ताणला होता, डोक्यावर मात्र सेंट आल्बनची जुनी लाल टोपीच होती.

"घे," ती म्हणाली. "नीट खेळ, डॅरिन."

स्वतःचं नाव तिच्या तोंडून ऐकून राडेमाकर असा दचकला, की डबा हातातून सुटता सुटता राहिला.

"थँक्यू, ट्वेटबाई," तो म्हणाला. आणि मग तिच्याकडे जरा काळजीनं बघत गेला.

ती खुर्चीत गुडघे जुळवून बसली. त्यानं चेंडू टाकला की टाळ्या वाजवायची. "छान, डॅरिन! असू दे, डॅरिन!" डॅरिननं पाच जणांना फुकट सोडलं, एकाच्या बरगडीत चेंडू हाणला, आणि तिसऱ्या डावातच ऑरिनला त्याला बसवावं लागलं. ती मॅच टॉर्व्हिकनं बारा-अकरानं कशीबशी वाचवली. गाडी लोटत नेल्यासारखी नेली म्हणा. पुढच्या तीन मॅच बाकीच्या पिचरांनी ओढल्या. दर वेळी एका धावेनं, दर वेळी शेवटच्या डावात. जॅनेलनं नखं खाऊन संपवली.

आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी फायनल आली, तेव्हा सगळ्यांचे खांदे गेले होते. ताजा हात एकच उरला होता.

"तूच," ऑरिन राडेमाकरला म्हणाला.

टॉर्व्हिकचे दोनशे लोक एकाच वेळी सुस्कारा सोडून मागे टेकले.

नाणेफेक जिंकल्यावर ऑरिननं तिसऱ्या बेसकडचाच बाक मागितला. पोरांनी डोळ्यांवर टोप्या ओढल्या.

पहिल्या दोन डावांत तीन धावा गेल्या. चेंडू जमिनीत, चेंडू जाळीत, एक तर पंचाच्या खांद्यावर. "हरकत नाही, डॅरिन!" मार्लिस म्हणत होती आणि आतून तिचा नुसता जळफळाट होत होता. दुसरा डाव संपल्यावर ती उठली आणि बाकाच्या कुंपणाशी गेली.

"काढ त्याला."

"राहू दे."

"ऑरिन, तीन धावा झाल्या. हातातली फायनल चाललीये. कुणालाही घाल, कॅचरला घाल, मला घाल! पण त्याला काढ."

ऑरिननं तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. काहीतरी बोलणार असं वाटलं.

"टोपी घाल," तो शेवटी म्हणाला. "ऊन लागेल."

ती तणतणत परत निघाली. जाळीजवळ पोहोचते तर आतून राडेमाकर येऊन उभा. चष्मा पुसत. घामानं डबडबलेला.

"ट्वेटबाई, एक विचारू?"

"काय?"

"तब्येत बरी नाही का तुमची? घसा परत बसलाय का?"

"माझ्या घशाला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे."

"मग काही चुकलं का माझं? रागावलात का?"

"अरे, रागावू कशाला? वड्या नाही का दिल्या तुला?"

"वड्या चांगल्या होत्या." त्यानं बुटानं माती उकरली. त्याचे कान लाल झाले होते. "पण तुम्ही बोलतच नाही. तेव्हाही बोलला नाहीत, विभागाच्या फायनलला. मला ना... तुम्ही बोलल्याशिवाय कोपर कुठं चाललंय ते कळत नाही. आमच्याकडे कुणी सांगणारं नव्हतं कधी. तुमचंच ऐकून ऐकून शिकलो."

पंचानं हाक मारली. तो गेला.

मार्लिस खुर्चीत बसली. एकोणीस वर्षं. दर रविवारी घसा फोडून. कोपर पडलं, खांदा उघडा पडला, पाय लवकर टाकतोस, घाई करतोस. म्हणजे त्याचं काळीज कापायला ती बोलत होती आणि तो पठ्ठ्या ते औषधासारखं घेत होता! आणि समोर उभी असायची टॉर्व्हिकची पोरं. तिची स्वतःची माणसं. तिनं तोंडावर हात घेतला.

मैदानात राडेमाकरनं पहिला चेंडू टाकला. बाहेर. दुसरा टाकला. बाहेर. मग त्यानं फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून, जाळीपलीकडे, हिरव्या खुर्चीकडे पाहिलं.

मार्लिस उभी राहिली.

"ए गवळ्या! कोपर काय घरी विसरून आलास का रे? वर घे! वर! चेंडू टाकतोयस की कोंबड्यांना दाणे घालतोयस?"

जॅनेल किंचाळलीच.

"मार्लिस! अगं, पाहुणा!"

"तू गप्प बस गं!"

बाजूच्या बाकावर प्रतिस्पर्धी गावची मंडळी होती. त्यातला एक म्हातारा वाकून म्हणाला, "बाई, तो तुमचाच आहे ना?"

"आमचाच आहे म्हणून तर ओरडतेय!"

राडेमाकरनं दोन बोटं टोपीला लावली. आणि त्यानंतर त्यानं जो चेंडू टाकला तो कॅचरच्या हातात असा वाजला की बाकावरची पोरं उठून उभी राहिली.

पुढचे सहा डाव मार्लिसनं त्याला सोडला नाही. त्याच्या गाई काढल्या, त्याचं पोट काढलं, त्याचा ट्रॅक्टर काढला. "घाई कशाला करतोस, दूध नासतंय का?" आणि मध्येमध्ये कोपर, खांदा, पाय. त्या सहा डावांत एकही धाव गेली नाही. टॉर्व्हिकनं पाचव्यात एक काढली, सातव्यात दोन, आठव्यात चौथी. चार-तीन.

नववा डाव. दोन बाद. राडेमाकरचा हात आता थकला होता आणि तीनही बेसवर माणसं होती. दोन स्ट्राइक, म्हणजे अजून एक चुकला की फलंदाज बाद; तीन चेंडू बाहेर, म्हणजे अजून एक गेला की बरोबरीची धाव फुकट. एक चेंडू उरलेला. इकडे किंवा तिकडे. कोपर पडत होतं, मार्लिसला स्वच्छ दिसत होतं. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. महिनाभर गोड बोललेल्या घशाला हे सहा डाव झेपले नसावेत. नुसती हवा निघाली.

तिनं हात वर केला. उजवा हात, कोपरात वाकवून, खांद्याच्या वर. बसमध्ये पोरांना थांबायची खूण करायची तसा.

राडेमाकरनं तो पाहिला. चेंडू आला आणि फलंदाजाची बॅट वाऱ्यावर फिरली.

मग काय विचारता! टॉर्व्हिकची सभ्य, अबोल, लुथरन माणसं जाळीवर चढली. जॅनेलनं सेंट आल्बनच्या कॅथलिक गवळ्याचा सगळ्यांसमोर मुका घेतला. चषक ऑरिनच्या हातात आला तेव्हा हात थरथरत होते, पण साऱ्या संघाचे हात थरथरत होते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मार्लिसला मात्र वाटलं. तिनं एका बाजूला उभं राहून रडून घेतलं.

परतताना गाडी तीच चालवत होती. मागच्या सीटवर चषक पट्टा लावून बसवला होता. दोन्ही बाजूंना मक्याची उंच शेतं, ऊन कललेलं. तिचा घसा तर गेलाच होता.

"तुला ठाऊक होतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"काय?"

"वेड पांघरू नकोस. कोपराचं. म्हणून तुला तोच हवा होता."

ऑरिन मक्याकडे बघत राहिला.

"हं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षी लक्षात आलं."

मार्लिसनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"दुसऱ्या वर्षी! अरे माणसा, अकरा वेळा हरलो आपण त्याच्याकडून! मी हरवलं तुला अकरा वेळा! नुसतं म्हणाला असतास, मार्लिस, तोंड बंद ठेव, तर मी ठेवलं असतं."

"ठेवलं असतंस."

"मग? आणि आज? आजही बोलला नाहीस! त्यानं मला सांगितलं नसतं तर? फायनल घालवली असतीस?"

ऑरिननं खिशातून हात काढला आणि तिच्या हातावर ठेवला. हात हलत होता. तिनं वरून आपला दुसरा हात दाबून धरला.

"तिसऱ्या बेसच्या बाकावरून," तो म्हणाला, "तुझी खुर्ची दिसते. ओरडताना तू दिसतेस."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"गाढव आहेस," ती म्हणाली.

"हं," ऑरिन म्हणाला. "चल आता. कुत्रं उपाशी असेल."

पुढच्या मे महिन्यात मोसमाची पहिलीच मॅच सेंट आल्बनशी पडली. संघ आता कॅचर कोलच्या हातात होता. जाळीमागे हिरव्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची होती, आणि तिच्यात मांडीवर चादर घेऊन ऑरिन. हिवाळ्यात त्याचा आवाज फारच खाली गेला होता. जेवताना मीठ मागितलं तरी मार्लिसला दोनदा विचारावं लागे.

राडेमाकर मैदानात आला. लाल टोपी, लाल शर्ट. मार्लिसच्या तोंडात घशाची गोळी होती. घसा ठीक होता, पण तोंडाला काहीतरी काम हवं म्हणून. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. बाकावरून कोल तिच्याकडे हात जोडून बघत होता. सगळ्या गावाला आता ठाऊक होतं.

पहिला माणूस फुकट गेला. दुसरा फुकट गेला. कोपर पार बरगडीपर्यंत आलं होतं. टॉर्व्हिकची पोरं खूश होऊन टाळ्या पिटत होती. राडेमाकरनं कॅचरच्या डोक्यावरून जाळीकडे पाहिलं, मग पायाखालच्या मातीकडे पाहिलं.

मार्लिस गोळी चघळत राहिली.

शेजारी चादर सरकली. ऑरिन पुढे वाकला. त्यानं जाळीच्या तारेत बोटं अडकवली, ती तार हळूहळू वाजायला लागली. त्यानं छातीत श्वास भरून घेतला. एकतीस वर्षांत मैदानावर जे कधी केलं नव्हतं ते तो करत होता.

"कोपर," ऑरिन ओरडला. "कोपर, गवळ्या."

आवाज जाळीपलीकडेही गेला नाही. समोरच्या पंचानं मानसुद्धा वळवली नाही. ऑरिननं मान वळवून मार्लिसकडे पाहिलं.

मार्लिसनं तोंडातली गोळी रुमालात काढून ठेवली आणि ती उभी राहिली.